दोन टक्क्यांपलीकडचे ऋण

'व्यवहार तो व्यवहार, त्यात धर्म आणू नये' हे वाक्य आपल्या कानांवर नेहमी पडते. दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा ते म्हणतो, कारखानदार म्हणतो आणि रविवारची मिस्सा आटोपून चर्चच्या आवारात घटकाभर बोलत उभी राहणारी प्रापंचिक माणसेही म्हणतात. दुसरे एक वाक्यही तितक्याच सहजतेने उच्चारले जाते : 'एवढा पैसा कमावला, पण समाजासाठी काय केले?' ही दोन्ही वाक्ये पुष्कळदा एकाच तोंडून निघतात. पहिल्या वाक्यात धंद्याला सर्व ऋणांतून मोकळे केले जाते. दुसऱ्यात त्याच्या माथी एक ऋण मारले जाते, परंतु ते किती आणि कशाचे हे कोणी सांगत नाही. उद्योगधंदा समाजाचे काही देणे लागतो काय, आणि लागत असल्यास ते नेमके कोणते, याचा शांतपणे विचार करणे म्हणूनच आम्हांस अगत्याचे वाटते. आपल्या धर्मग्रामांतील किती तरी कुटुंबे आज नोकरीबरोबर लहानमोठा व्यवसाय करीत आहेत. त्यांच्यापुढे हा प्रश्न रोजच्या हिशेबाच्या रूपाने उभा असतो.

प्रथम विरोधी बाजूचे म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे. ते सर्वांत स्पष्टपणे मांडले अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी. १९७० सालच्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिक पुरवणीत त्यांनी एक लेख लिहिला आणि व्यवसायाची सामाजिक जबाबदारी एकच, नफा वाढविणे, असे प्रतिपादन केले. त्यांचा युक्तिवाद निष्ठुरपणाचा नव्हता. ते म्हणत होते, की कंपनीचा व्यवस्थापक हा भागधारकांचा नोकर असतो. तो कंपनीच्या पैशातून समाजकार्य करू लागला, तर तो स्वतःचे औदार्य दाखवीत नसून दुसऱ्याच्या खिशातून दान करीत असतो. ज्या भागधारकाला दान करावयाचे असेल, त्याने आपल्या वाट्याच्या नफ्यातून खुशाल करावे. शिवाय समाजाला कशाची गरज आहे हे ठरविण्याचा अधिकार लोकांनी निवडून दिलेल्या सरकारचा आहे, कोणा व्यवस्थापकाचा नाही. हे सर्व सांगताना फ्रीडमन यांनी एक अट मात्र घातली होती. धंदा कायद्याच्या आणि रूढ नीतीच्या चौकटीत चालावा, त्यात लबाडी व फसवणूक नसावी, अशी ती अट होती.

या म्हणण्यात तथ्य आहे हे मान्य करावयास हवे. नफ्याकडे संशयाने पाहण्याची एक सवय आपणां धार्मिक माणसांना जडलेली असते, जणू काही नफा म्हणजे पापाची सुधारित आवृत्ती! वस्तुतः तोट्यात चालणारा धंदा कोणाचेच भले करीत नाही. तो आधी पुरवठादारांची देणी थकवितो, मग कामगारांचे पगार लांबवितो आणि शेवटी दाराला कुलूप लावून सर्वांनाच रस्त्यावर आणतो. २०१९ सालच्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा आरंभी खातेदारांना सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढता येतील असे सांगण्यात आले. बँकेच्या कर्जाचा फार मोठा भाग एकाच बांधकाम समूहात अडकलेला होता. निवृत्तीची पुंजी, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे, शस्त्रक्रियेसाठी राखलेली रक्कम, सारे एका रात्रीत गोठून गेले. बँकेने समाजासाठी काय करावे, या प्रश्नाचे पहिले उत्तर त्या दिवशी कोणत्याही खातेदाराने एका शब्दात दिले असते : आमच्या ठेवी सांभाळा.

ख्रिस्तसभेची शिकवणही नफ्याला तुच्छ लेखीत नाही. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक प्रसृत केले. त्यात त्यांनी खाजगी मालमत्तेच्या हक्काचे समर्थन केले. पण त्याच परिपत्रकात असेही बजावले, की मालक आणि मजूर यांनी राजीखुशीने ठरविलेली मजुरी केवळ तेवढ्यानेच न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचे पोट भरेल इतकी ती असलीच पाहिजे, कारण उपाशी माणसाचा होकार हा खरा होकार नव्हे. या परिपत्रकाला शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा, १९९१ साली, पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'सेंतेसिमुस आन्नुस' हे परिपत्रक लिहिले. नफा हे उद्योग नीट चालल्याचे एक लक्षण आहे, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. मात्र हिशेबाच्या वह्या चोख असतानाही त्या उद्योगातील माणसे, म्हणजे त्याचे सर्वांत मोलाचे धन, अपमानित झालेली असू शकतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. २०२५ सालच्या मे महिन्यात निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ चौदावे हे नाव धारण केले, तेव्हा त्यामागे 'रेरुम नोवारुम'चे स्मरण असल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही तो प्रश्न सुटलेला नाही, हेच यावरून दिसते.

मग फ्रीडमन यांचा युक्तिवाद नेमका कोठे अपुरा पडतो? आमच्या मते, त्यांनी ज्या कायद्याच्या चौकटीवर भिस्त ठेवली, तेथेच. चौकट नेहमी मागून येते. अपघात आधी घडतो, कायदा नंतर होतो. या मधल्या काळात कायदा न विचारणाऱ्या, पण सद्सद्विवेकबुद्धी विचारीत असलेल्या प्रश्नांचे काय करावयाचे? या संदर्भात आपल्याच देशातील एक घटना आपण पुन्हा आठवली पाहिजे.

१९८४ सालच्या डिसेंबरच्या २ आणि ३ तारखांमधील रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू शहरावर पसरला. टाकीत सुमारे ४० टन रसायन होते. कारखान्याच्या भिंतीलगत गरिबांच्या वस्त्या होत्या आणि माणसे झोपेत होती. सरकारी आकड्यांनुसारही मृतांची संख्या काही हजारांत जाते; ज्यांची फुप्फुसे आणि डोळे कायमचे अधू झाले त्यांची संख्या कित्येक पटींनी अधिक आहे. हे सर्व आपणांस ठाऊक असते. जे सहसा सांगितले जात नाही ते असे, की तो कारखाना त्या वेळी फायद्यात नव्हता. कीटकनाशकाचा खप अपेक्षेइतका होत नव्हता आणि जेथे शक्य तेथे खर्च कमी करणे चालू होते. ते रसायन थंड ठेवण्यासाठी असलेली शीतकरण यंत्रणा काही महिने आधीच बंद करण्यात आली होती. बाहेर पडणारा वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीअभावी निकामी होता. १९८२ सालीच राजकुमार केसवानी या स्थानिक पत्रकाराने आपल्या लेखांतून धोक्याचा इशारा दिला होता. त्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

येथे क्षणभर थांबावे. समजा, आजच्या भाषेत बोलणाऱ्या एखाद्याने त्या कारखान्याला १९८४ साली विचारले असते, की समाजासाठी तुम्ही नफ्यातून काय देता? कारखान्याने प्रामाणिकपणे उत्तर दिले असते, की आमच्यापाशी नफाच नाही, तेव्हा द्यावयाचे कोठून? आणि प्रश्न तेथेच मिटला असता. परंतु शेजारच्या वस्तीचे त्या कारखान्याकडे जे देणे होते, ते नफ्यातून फेडावयाचे नव्हतेच. थंड टाकी, चालू मनोरा, गळतीची सूचना देणारा भोंगा आणि तो वाजला तर काय करावे याचे वस्तीतील लोकांना दिलेले शिक्षण हे ते देणे होते. कारखान्याला एक पैचाही फायदा झाला नसता, तरी ते लागू होते. किंबहुना, तोट्यामुळे जेव्हा काटकसरीचा मोह सर्वांत अधिक होतो, त्याच वेळी ते सर्वांत कडकपणे लागू होते.

नंतर काय झाले हेही पाहावे. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ती लाखो पीडितांत वाटली गेली, तेव्हा बहुतेकांच्या हाती पडलेली रक्कम आयुष्यभराच्या आजाराला पुरण्यासारखी नव्हती. २०१० साली कंपनीच्या सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला हलविण्यासाठी २०२५ साल उजाडावे लागले. भोपाळमध्ये पीडितांसाठी पुढे एक मोठे रुग्णालयही उभे राहिले. रुग्णालय आवश्यकच होते. तथापि चालू शीतकरण यंत्रणेची जागा कोणतेही रुग्णालय भरून काढू शकत नाही.

आता आपल्या कायद्याकडे वळू. २०१३ सालच्या कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमाने मोठ्या कंपन्यांवर सामाजिक उत्तरदायित्वाचे बंधन घातले आणि १ एप्रिल २०१४ पासून ते अमलात आले. मोठ्या उलाढालीच्या वा मोठ्या नफ्याच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम शिक्षण, आरोग्य, पर्यावरण इत्यादी कामांसाठी खर्च करावी, असे हे कलम सांगते. या पैशातून कितीतरी शाळांना वर्ग मिळाले, गावांना पाणी मिळाले, रुग्णालयांना यंत्रे मिळाली. आपल्या काही संस्थांनाही त्याचा लाभ झाला असेल. या कायद्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

मात्र या कायद्याच्या नियमांत एक बारीक गोष्ट आहे. कंपनी आपल्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग म्हणून जे करते, ते या दोन टक्क्यांत धरता येत नाही. केवळ स्वतःच्या कामगारांच्या फायद्यासाठी जे केले जाते, तेही धरता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे, नाही तर पगारालाच समाजसेवा म्हणणारे निघतील! पण त्याचा मनावर होणारा परिणाम पाहा. बॉयलर सुरक्षित ठेवणे, सांडपाणी शुद्ध करून सोडणे, मालात भेसळ न करणे, कंत्राटी कामगाराला वेळेवर पगार देणे, यांपैकी एकही गोष्ट 'सामाजिक उत्तरदायित्व' या रकान्यात येत नाही. त्या रकान्यात येतात ती वाटलेली दप्तरे आणि लावलेली रोपे. वार्षिक अहवालात छायाचित्रेही त्यांचीच छापली जातात. हळूहळू मालकाच्या, व्यवस्थापकाच्या आणि आपल्याही मनात असा समज रुजतो, की समाजाचे देणे म्हणजे ते दोन टक्के. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे आले, हे विचारण्याचे कारण नाही. आमचा सारा आक्षेप या समजाला आहे.

लूकच्या शुभवर्तमानातील जक्कयाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. यरीहोचा हा मुख्य जकातदार प्रभू येशू घरी आल्यावर उभा राहून दोन गोष्टी जाहीर करतो. आपली अर्धी मालमत्ता तो गोरगरिबांना देऊ करतो, ही पहिली. ज्यांच्याकडून त्याने अन्यायाने काही घेतले असेल त्यांना चौपट परत करण्याची तयारी तो दाखवितो, ही दुसरी. प्रवचनांत आपण बहुधा पहिल्या गोष्टीवर भर देतो. पण दुसरीचे महत्त्व तिच्याहून कमी नाही. जक्कयाने या दोहोंची सरमिसळ केली नाही. गरिबांना दिलेले अर्धे धन हे दान होते, चौपट परतफेड हे कर्ज होते. अर्धी मालमत्ता वाटली, आता ज्यांना लुबाडले त्यांनी त्यातच समाधान मानावे, असे तो म्हणाला नाही. लुबाडलेला माणूस कोण आणि दान मिळालेला माणूस कोण, हे त्याला वेगवेगळे दिसत होते.

ही कसोटी आजच्या उद्योगाला लावली, तर त्याचे समाजाशी असलेले नाते तीन पायऱ्यांत मांडता येते. पहिली पायरी अपाय न करण्याची : शेजाऱ्याची हवा, पाणी, जमीन आणि जीव सुरक्षित राखणे. दुसरी पायरी ज्याचे त्याला देण्याची : कामगाराला पुरेशी मजुरी, गिऱ्हाइकाला खरा माल, सरकारला कर, ठेवीदाराला त्याची ठेव. तिसरी पायरी औदार्याची : शाळा, दवाखाना, शिष्यवृत्ती. पहिल्या दोन पायऱ्या ऋणाच्या आहेत. ते ऋण नफा होवो वा न होवो, धंदा मोठा असो वा लहान, सर्वांवर सारखेच असते. तिसरी पायरी स्वखुशीची आहे आणि फ्रीडमन यांचा आक्षेप काही लागू पडत असेल तर तो तिला. पहिल्या दोन पायऱ्यांना तो मुळीच लागू पडत नाही, कारण दुसऱ्याच्या जिवावर उदार होऊन मिळविलेला नफा हा भागधारकाच्या मालकीचा कधी नव्हताच.

इतके स्पष्ट केल्यावरही एक अवघड प्रश्न उरतो, तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. औदार्य खरोखरच इतके ऐच्छिक आहे काय? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात माल्डेन मिल्स नावाची एक कापडगिरणी होती. आजूबाजूच्या बहुतेक गिरण्या स्वस्त मजुरीच्या शोधात केव्हाच दूर निघून गेल्या होत्या. ही तेवढी टिकून होती. ११ डिसेंबर १९९५ च्या रात्री तिला भीषण आग लागली. मालक ॲरन फॉयरस्टाइन हे धर्मनिष्ठ ज्यू गृहस्थ होते आणि त्याच दिवशी त्यांना सत्तर वर्षे पूर्ण झाली होती. विम्याचे पैसे घेऊन निवृत्त व्हावे किंवा परदेशात कारखाना काढावा, असे दोन्ही मार्ग त्यांना खुले होते. सुमारे तीन हजार कामगारांपैकी कित्येकांनी नाताळाच्या तोंडावर आपली नोकरी संपली असे गृहीत धरले होते. आगीनंतर तीनच दिवसांनी एका कॅथलिक विद्यालयाच्या व्यायामशाळेत जमलेल्या कामगारांना फॉयरस्टाइन यांनी सांगितले, की गिरणी येथेच पुन्हा उभी राहील आणि तोवर पगार चालू राहील. प्रथम एक महिन्याचे आश्वासन होते, ते पुढे तीन महिन्यांपर्यंत वाढले. गिरणी खरोखरच उभी राहिली आणि बहुसंख्य कामगार परत कामावर आले.

ही कथा येथेच संपली असती, तर प्रवचनासाठी ती किती सोयीची झाली असती! परंतु २००१ सालच्या नोव्हेंबरमध्ये कर्जाच्या ओझ्याखाली आणि स्वस्त मालाच्या स्पर्धेपुढे कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. पुढे तिचा ताबा धनकोंकडे गेला आणि फॉयरस्टाइन यांच्या हातून वडिलोपार्जित धंदा निसटला. 'पाहा, हेच होते' असे व्यवहारी माणूस म्हणेल. त्याचे म्हणणे झटकून टाकता येत नाही. चांगुलपणाचे फळ ताळेबंदात दिसेलच, असे आश्वासन कोणी देऊ नये. चांगले वागा म्हणजे धंदा वाढेल, असे व्यवस्थापनाचे अनेक उपदेशक हल्ली सांगतात. कधी वाढतो, कधी वाढत नाही. वाढेल म्हणून चांगले वागणे हा तर केवळ दूरदृष्टीचा स्वार्थ झाला.

तरीही आम्हांस वाटते, की फॉयरस्टाइन यांनी त्या व्यायामशाळेत जे केले त्याला निव्वळ औदार्य म्हणता येत नाही. ज्या माणसांनी वीस-वीस, तीस-तीस वर्षे त्या गिरणीत घालविली, त्यांच्या हातांतील कसबावर मालकाची दौलत उभी राहिली होती. ते ऋण कोणत्याही करारात लिहिलेले नव्हते आणि कोणत्याही न्यायालयात ते वसूल करता आले नसते. दीर्घ सहवासातून अशी ऋणे जन्माला येतात आणि ती ओळखण्यासाठी कायद्यापेक्षा सूक्ष्म दृष्टी लागते. आपल्याकडेही जमशेटजी टाटांनी नागपूरला १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू केली आणि १८८६ साली, कोणत्याही कायद्याने तशी सक्ती नसताना, तेथील कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी काढला. मालकाच्या विवेकाने आधी जे ओळखले, ते पुढे कायद्याने सर्वांसाठी बंधनकारक केले. कालची भूतदया आज हक्क ठरते, ती अशीच. औदार्य आणि ऋण यांमधली रेषा काळाबरोबर सरकत असते, आणि बहुधा ती ऋणाचीच बाजू वाढवीत जाते.

हे सर्व मोठ्या कंपन्यांविषयी झाले. आपला त्याच्याशी काय संबंध, असे वाचकांना वाटू शकेल. संबंध आहे. आपल्यापैकी कोणाची बेकरी आहे, कोणी लग्नसमारंभाची जेवणे करून देतो, कोणाच्या दोन-चार गाड्या भाड्याने धावतात, कोणी बांधकामाची कंत्राटे घेतो, कोणाच्या वाडीत रोजंदारीवर मजूर येतात. वीस किंवा अधिक माणसे कामावर असली की भविष्य निर्वाह निधीचे बंधन येते. म्हणून हजेरीपटावर एकोणीस नावे ठेवून बाकीच्यांना वहीबाहेर राबविणारे मालक सर्वच समाजांत आढळतात. मजुराची मजुरी रात्रभरही अडवून ठेवू नये, अशी आज्ञा लेवीयच्या पुस्तकात आहे. दुपारी काम संपवून उभ्या असलेल्या बाईला 'उद्या ये' म्हणणे किती सोपे असते. पण त्या एका रात्रीची चूल तिच्या घरी कशावर पेटावयाची, हा त्या आज्ञेमागील साधा विचार आहे.

ज्यांचा स्वतःचा धंदा नाही, तेही या प्रश्नातून सुटत नाहीत. दर महिन्याला म्युच्युअल फंडात हप्ता भरणारी आपली तरुण मुले-मुली कोणत्या तरी कंपन्यांच्या मालकीत वाटेकरी झालेलीच असतात. ज्या भागधारकांच्या नावाने फ्रीडमन बोलत होते, ते भागधारक आता आपणच आहोत. आपल्या वतीने व्यवस्थापक म्हणतो, की मालकांना केवळ परतावा हवा आहे. तेव्हा आपण खरोखर तेवढेच मागतो काय, याचे उत्तर आपण दिले पाहिजे. गुंतविलेल्या पैशाच्या वाढीबरोबर ती वाढ कशातून झाली याची चौकशी घरच्या जेवणाच्या वेळी झाली, तरी ती वाया जाणार नाही.

शेवटी आपल्या संस्थांविषयीही एक शब्द. शाळेच्या इमारतीला, सणाच्या स्मरणिकेला, सभागृहाच्या छपराला देणगी लागते आणि ती देणाऱ्याचे नाव आपण संगमरवरावर कोरतो. कृतज्ञता ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु ज्याच्या कामगारांचे पगार थकले आहेत, किंवा ज्याच्या बांधकामाने शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी खारे झाले आहे, असे साऱ्या गावाला ठाऊक असते, त्याची देणगी स्वीकारताना आपण त्याला काय सांगतो? आम्हांस वाटते, की देणगी नाकारण्याचा आविर्भाव आणण्यापेक्षा त्याच्याशी स्नेहाने बोलावे आणि जक्कयाचा क्रम सुचवावा. 'भाऊ, आधी ज्यांचे त्यांना देऊन या. छप्पर पुढच्या वर्षी झाले तरी चालेल.' असे सांगावयास धर्मगुरूंना धैर्य लागेल, धर्मग्राम समितीला लागेल, आणि छपराविना एक पावसाळा काढावयाची तयारी आपणां सर्वांना ठेवावी लागेल. व्यवसायाकडून आपण ज्या ऋणाची अपेक्षा करतो, त्याचा आपल्या वाट्याला येणारा खर्च तेवढा आहे.